मिठागराचे कडू पाणी आणि शिंपल्यांचा चुना : मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड तयार करण्याच्या नोंदी

१२ मार्च : पाणी आणले

वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याच्या मिठागरात मीठ ओढून घेतल्यावर वाफ्यात जे दाट, कडवट पाणी उरते ते खाडीत सोडून दिले जाते. त्या पाण्यातून मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड ही आम्ल शमवणारी पांढरी भुकटी काढावी, त्यासाठी लागणारा चुना किनाऱ्यावर पडलेल्या शिंपल्यांपासूनच करावा आणि मिळालेली भुकटी आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वापरता येईल इतकी शुद्ध करावी, असे या कामाचे स्वरूप आहे. बारावीचे काही विद्यार्थी सोबत आहेत. असेच काम दुसऱ्या कोणी हाती घेतले तर त्यांचा वेळ वाचावा, म्हणून या नोंदी ठेवत आहे.

मिठागरात समुद्राचे पाणी आटत जाते तसे त्यातले क्षार ठरावीक क्रमाने खाली बसतात. आधी थोडा कॅल्शियम कार्बोनेट, मग साधारण १३ अंश बोमेपासून (बोमे हे द्रावणाची घनता सांगणारे माप) जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि २५ अंशांच्या पुढे खायचे मीठ. २९-३० अंशांनंतर मिठागरवाले ते पाणी पुढे आटवत नाहीत, कारण मॅग्नेशियमचे क्षार मिठात मिसळले की मीठ कडू होते आणि पाणी सुटून ओलसर राहते. म्हणजे ज्या गुणामुळे हे पाणी टाकले जाते तोच आमच्या कामाचा आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात मॅग्नेशियम जेमतेम १.३ ग्रॅम असते, पण सूर्याने ते आधीच कितीतरी पटींनी दाट करून ठेवलेले असते.

हायड्रोमीटरवर ३० अंश बोमे, म्हणजे सुमारे १.२६ घनता मिळाली. पाणी किंचित पिवळसर, बोटांना तेलकट लागणारे आणि तळाशी तांबूस गाळ असलेले होते. मिठागरावरच्या एका वयस्कर काकांनी विचारले, "ह्या पाणी तुमका कित्याक व्हया?" कारण सांगितल्यावर त्यांनी स्वतःहून दाखवले की वाफ्याच्या वरच्या टोकाचे पाणी घ्यावे, बांधालगतचे घेऊ नये, कारण तिथे जांभ्याची माती मिसळते. आमच्या कॅनमध्ये दोन्हीकडचे पाणी आधीच भरले गेले होते. त्या सल्ल्याची किंमत पुढे एप्रिलमध्ये कळली.

१५ मार्च : पाण्यात किती आहे ते मोजले

पाणी शंभरपट विरळ करून, अमोनिया बफर घालून, एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा दर्शक वापरून ईडीटीएने अनुमापन केले, म्हणजे मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांना बांधणारे ईडीटीएचे द्रावण थेंबाथेंबाने घालून त्यांचे प्रमाण मोजले. लाल रंग जाऊन स्वच्छ निळा येईपर्यंत थांबावे लागते. मधली जांभळी छटा शेवट समजली तर आकडा कमी येतो. कॅल्शियम वेगळा मोजून वजा केल्यावर एका लिटरमध्ये सुमारे ४२ ग्रॅम मॅग्नेशियम आले. हिशेबाने दर लिटरमागे शंभर ग्रॅम मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड मिळायला हवे आणि त्यासाठी शुद्ध कळीचा चुना ९७ ग्रॅम लागेल. हे मोजमाप टाळून थेट चुना ओतू नये. किती चुना घालायचा आणि कुठे थांबायचे, हे या एकाच आकड्यावर ठरते.

२१ मार्च : शिंपले भाजण्याचा पहिला प्रयोग फसला

खाडीकाठी तिसऱ्यांच्या (खाडीत मिळणाऱ्या, खाण्याच्या लहान शिंपल्यांच्या) कवचांचे ढीग पडलेले असतात. ते घासून धुतले, उन्हात वाळवले आणि चिऱ्यांच्या उघड्या चुलीवर, लोखंडी पत्र्यावर लाकडाच्या जाळात दिवसभर भाजले. शिंपले आधी काळे झाले, मग राखाडी, आणि कडा पांढऱ्या दिसू लागल्यावर चुना झाला असे सर्वांना वाटले. वजन केले तेव्हा घट फक्त सात टक्के होती. कॅल्शियम कार्बोनेटमधला सगळा कार्बन डायऑक्साइड निघून गेला तर वजन ४४ टक्क्यांनी घटते. इथे शिंपल्यातला जैव अंश जळाला होता, इतकेच. पाण्यात टाकल्यावर तुकडे तसेच राहिले, ना फसफस, ना उष्णता.

या विघटनाला ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान आणि वायू बाहेर पडायला वाट, अशा दोन्ही गोष्टी लागतात. उघड्या लाकडाच्या जाळावर ठेवलेला पत्रा तिथपर्यंत पोहोचत नाही. लाकूड आणि दिवस वाया गेला. शिवाय शिंपले तापताना तडतडून उडतात, त्यामुळे झाकण आणि डोळ्यांना गॉगल हवाच.

२९ मार्च : लोहाराच्या भात्यावर

गावातल्या लोहारदादांनी त्यांची भट्टी दुपारपुरती दिली. इंधन म्हणून नारळाच्या करवंटीचा कोळसा वापरला. तो इथे सहज मिळतो, राख कमी ठेवतो आणि भात्याचा वारा मिळाला की भट्टी पांढरट पिवळी होते. शिंपले आधी फोडून नखाएवढे तुकडे केले आणि कोळशाच्या थरांत न मिसळता जाड लोखंडी नळकांड्यात, दोन्ही तोंडे उघडी ठेवून, तापवले. कोळशात मिसळले असते तर राख चुन्यात आली असती.

घट ४१ टक्के आली, म्हणजे अजून थोडा भाग न भाजलेला होता, पण तो गाळून काढता येतो. तुकडे हातात हलके आणि ठिसूळ लागत होते आणि बोटांवर पांढरी पूड सुटत होती. हा चुना त्याच दिवशी घट्ट झाकणाच्या डब्यात भरला, कारण किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो आपोआप विरतो आणि हळूहळू पुन्हा कार्बोनेट होतो.

विद्यार्थ्यांना इथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली. अमेरिकेत टेक्सासमधील फ्रीपोर्ट येथे डाऊ कंपनीने १९४१ मध्ये समुद्राच्या पाण्यातून मॅग्नेशियम धातू मिळवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचाही चुना कालवांच्या शिंपल्यांचा होता. आमच्या लोहारशाळेतली आणि त्या कारखान्यातली पहिली पायरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकच आहे.

४ एप्रिल : पहिली घाण

पहिल्या घाणीसाठी, म्हणजे एका वेळी करायच्या मालासाठी, पाच लिटर कडू पाणी घेतले. चुना हिशेबाच्या ९० टक्केच घेतला, म्हणजे मॅग्नेशियम थोडे शिल्लक राहील आणि चुना शिल्लक राहणार नाही. चुना पाण्यात थोडा थोडा टाकून विरवला. चुन्यावर एकदम पाणी ओतले तर उकळून अंगावर उडते, म्हणून टाकायचा क्रम पाळावा. बादली हात लावता येणार नाही इतकी तापली. चुन्याचे दूध पातळ फडक्यातून गाळल्यावर न भाजलेले शिंपल्यांचे कण वर राहिले.

दूध कडू पाण्यात ओतताच पांढरा, दाट, जेलीसारखा साका, म्हणजे द्रावणातून वेगळा होणारा न विरघळणारा पदार्थ, तयार झाला. चुना शिल्लक राहिला की नाही हे फिनॉल्फ्थॅलिनने कळत नाही. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडनेही ते गुलाबी होते आणि चुन्यानेही. त्यासाठी पीएच, म्हणजे द्रावण किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणारा आकडा, दाखवणारा मीटर लागतो. मॅग्नेशियम भरपूर असेपर्यंत पीएच ९ ते ९.५ च्या आसपास अडून राहतो आणि ते संपत आले की भराभर १२ कडे चढतो. आमचा पीएच ९.४ वर राहिला.

रासायनिक क्रिया अर्ध्या तासात आटोपली. पुढचे तीन महिने उरलेल्या कामात गेले.

९ एप्रिल : गाळण अडली आणि सूक्ष्मदर्शकात सुया दिसल्या

रात्रभर ठेवूनही वर जेमतेम चार बोटे स्वच्छ पाणी आले. मांजरपाटाच्या दुहेरी फडक्यातून गाळायला घेतले तर सुरुवातीला धार आली आणि थोड्याच वेळात फडक्याची छिद्रे बुजून थेंबही पडेना. शेवटी चक्का टांगतात तसे फडके बांधून टांगले. दोन दिवसांनी जो गोळा मिळाला तो बाहेरून कोरडा आणि आत मऊ होता, आणि त्यात निम्म्याहून जास्त पाणीच होते.

रंगही पांढरा नव्हता, फिकट बदामी होता. जांभ्यातले लोह आले होते.

गोळ्याचा कण काचपट्टीवर पाण्यात पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. आकार नसलेल्या ढगाळ पुंजक्यांत लांब, पारदर्शक, टोकदार सुया स्पष्ट दिसत होत्या, आणि काही ठिकाणी त्या एकाच बिंदूतून पंख्यासारख्या पसरल्या होत्या. कण हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून बेरियम क्लोराइड घातल्यावर पांढरा साका बसला. म्हणजे त्यात सल्फेट आहे आणि सुया जिप्समच्या आहेत. कणांच्या संख्येच्या (मोलच्या) हिशेबाने कडू पाण्यात मॅग्नेशियमच्या सुमारे एकतृतीयांश सल्फेट असते. चुन्यातला कॅल्शियम त्याच्याशी जुळून कॅल्शियम सल्फेट झाला आणि आपल्या साक्यातच अडकला. आता तो धुऊन काढणे जवळजवळ अशक्य आहे, कारण एक लिटर पाण्यात जिप्सम दोन ग्रॅमच्या आसपासच विरघळते.

ही घाण भुकटी म्हणून बाद धरली. तिच्या वरचे स्वच्छ पाणी मात्र फेकले नाही. त्याचे कारण पुढच्या नोंदीत आहे.

१८ एप्रिल : टाकायच्या पाण्याने पुढची घाण स्वच्छ केली

मॅग्नेशियम क्लोराइड आणि चुना यांच्या क्रियेनंतर द्रावणात कॅल्शियम क्लोराइड उरते. पहिल्या घाणीतले वरचे पाणी म्हणजे हेच. ते ताज्या कडू पाण्यात मिसळले तर सल्फेट चुना घालण्याआधीच जिप्सम होऊन बाहेर पडेल, हा विचार कारखान्यांतही वापरला जातो. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९५४ पासून मिठागरांच्या उरलेल्या पाण्यावर जे काम केले आहे, त्यातही सल्फेट आधी काढून घेणे ही पायरी ठळकपणे येते.

आठ लिटर कडू पाण्यात पहिल्या घाणीतले पाणी ढवळत मिसळले. काही वेळ काहीच दिसले नाही. मग पाणी धुरकट झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी चमकणारी, जड, रवाळ जिप्समची रास बसली होती. तेच जिप्सम जेलीत अडकले की निघत नाही आणि एकटे असले की स्वतःच खाली बसते. वरचे पाणी अलगद ओतून घेता आले. बाजूला काढलेले जिप्सम धुऊन ठेवले आहे. ते १५० अंशांच्या आत भाजले की प्लॅस्टर ऑफ पॅरिस होते, ज्याने हाडे बसवतात आणि मूर्तींचे साचे करतात. पण तो वेगळा विषय आहे.

लोहासाठी दुसरी युक्ती केली. लागणाऱ्या चुन्याचा अगदी थोडा हिस्सा आधी घातला आणि थांबलो. लोहाचे हायड्रॉक्साइड मॅग्नेशियमच्या बरेच आधी, कमी पीएचला बाहेर पडते. तपकिरी कापसासारखे तरंग तयार झाले आणि त्यांनी मातीचे बारीक कणही सोबत खाली नेले. ते गाळल्यावर पाणी पहिल्यांदाच काचेसारखे स्वच्छ दिसले. यात थोडे मॅग्नेशियम वाया जाते, ते सोडून द्यावे.

२६ एप्रिल : दुसरी घाण, चार वाट्यांत

पहिल्या घाणीतला साका बसत नव्हता, कारण दाट चुना एकदम ओतल्यामुळे असंख्य अतिसूक्ष्म कण एकाच वेळी तयार झाले. कण मोठे करायचे तर नव्या साक्याला आधीच्या कणांवर चढायला वेळ आणि जागा द्यावी लागते. म्हणून चुन्याचे दूध दुप्पट पातळ केले आणि पाण्याचे चार वाटे केले. पहिला वाटा साठ अंशांच्या आसपास तापवून बारीक धारेने, सतत ढवळत चुना घातला, एक रात्र ठेवले, वरचे पाणी काढले आणि त्याच साक्यात दुसरा वाटा घेतला. तिसरा आणि चौथाही तसाच.

फरक डोळ्यांना दिसण्याइतका होता. चौथ्या वाट्यानंतर तासाभरातच निम्म्या बादलीपर्यंत स्वच्छ पाणी आले. हातात घेतल्यावर साका जेलीसारखा न लागता ओल्या पिठासारखा लागला आणि फडक्यातून धार अखंड पडत राहिली. रंग पांढरा. सूक्ष्मदर्शकात सुया शोधाव्या लागल्या.

या कामातली कोणती एक गोष्ट लक्षात ठेवावी असे कोणी विचारले तर मी हीच सांगेन, की चुना घालण्याची घाई करू नये. त्या पायरीवर वाचवलेला एक तास गाळताना आठवड्याने वसूल होतो.

११ मे : विहिरीचे पाणी पुरे पडेना

आता धुणे. साका पिंपात भरायचा, वर पाणी घालून ढवळायचे, बसू द्यायचे, वरचे पाणी काढायचे आणि पुन्हा तेच. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड एका लिटरमध्ये काही मिलिग्रॅमच विरघळते, त्यामुळे धुण्यात ते वाया जात नाही. जातात ते मीठ, कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड. क्लोराइड उरले आहे का ते पाहण्यासाठी वरच्या पाण्यात नायट्रिक आम्लाचे दोन थेंब आणि सिल्व्हर नायट्रेट घालावे. पांढरे दही पडले तर अजून धुवावे.

कितीही धुतले तरी पांढरे पडायचे थांबेना. एका विद्यार्थिनीने नुसत्या विहिरीच्या पाण्याचीच चाचणी केली, आणि तेच पांढरे झाले. खाडीजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, ही इथल्या प्रत्येक घरात माहीत असलेली गोष्ट आहे. त्या पाण्याने धुऊन साका त्या पाण्याइतकाच शुद्ध होणार होता. तिने चाचणी केली नसती तर महागडे सिल्व्हर नायट्रेट असेच संपले असते. वरच्या वाडीतल्या, जांभ्याच्या सड्यावरच्या विहिरीचे पाणी चाचणीत बरेच चांगले निघाले, पण उन्हाळ्याच्या शेवटी तिथे पिण्यालाच पाणी अपुरे असते. आमच्या पिंपासाठी ते मागणे योग्य नव्हते.

२५ मे : दुपारी कोरडे, सकाळी ओले

पुढे जाता येत नसल्याने अर्धवट धुतलेल्या साक्यातला एक भाग पाहण्यासाठी पत्र्यावर पसरून वाळवला. दुपारी तो खडखडीत, बोटांत चुरा होणारा होता. रात्री झाकून ठेवला तरी सकाळी त्याच्या कडा दमट झालेल्या होत्या आणि खालच्या कागदावर ओला डाग पडला होता. पुन्हा वाळवला, पुन्हा तसेच झाले.

कारण मॅग्नेशियम क्लोराइड. हवेची सापेक्ष आर्द्रता ३३ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले पाणी ओढून स्वतः त्यात विरघळू लागते, आणि कोकणच्या किनाऱ्यावर ३३ टक्के आर्द्रता बहुधा कधीच नसते, मे महिन्यात तर नाहीच. कडू पाणी मिसळलेले मीठ पावसाळ्यात बरणीत पाझरते, तेही याच कारणाने. शुद्ध मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असे करत नाही. म्हणजे ओलसर सकाळ ही आमच्यासाठी सिल्व्हर नायट्रेटइतकीच खात्रीची आणि फुकटची चाचणी ठरली. देशावर कोरड्या हवेत हेच काम करणाऱ्यांना वाळलेली भुकटी पाहून ती शुद्ध झाली असे वाटू शकेल. इथली हवा तसे वाटू देत नाही.

उरलेला साका पाण्याखालीच ठेवून पिंपाचे झाकण घट्ट लावले, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड लागणार नाही, आणि पावसाची वाट पाहायचे ठरवले.

१४ जून : पागोळ्यांचे पाणी

पाऊस नेमाने लागल्यावर पहिल्या सरी वाहून जाऊ दिल्या, कारण कौलांवर उन्हाळाभराची धूळ, पाने आणि पक्ष्यांची घाण असते. त्यानंतर पागोळीखाली स्वच्छ फडके बांधलेले पिंप ठेवले. समुद्राजवळच्या पावसातही थोडे क्लोराइड असते. सिल्व्हर नायट्रेटने अगदी पुसट दुधाळ छटा आली, दही पडले नाही. तीच छटा आम्ही तुलनेसाठी धरली. धुण्याचे पाणी पावसाच्या पाण्याइतकेच स्वच्छ दिसू लागले की थांबायचे.

पाणी हवे तितके होते. साका बसायला लागणारा वेळ सोडला तर श्रम फारसे नव्हते. जसजसे क्षार निघून गेले तसतसा साका बसायला जास्त वेळ घेऊ लागला, कारण खारट पाण्यात बारीक कण एकत्र येतात आणि गोड्या पाण्यात ते एकमेकांपासून दूर राहतात. हे अपेक्षित असावे. साका बसेना म्हणून काहीतरी बिघडले असे समजू नये. शेवटच्या धुण्यांना प्रत्येकी दोन दिवस दिले.

३ जुलै : वाळवणे आणि मोजणे

बाहेर वाळवणे अशक्य असल्याने प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवले. आठ लिटर पाण्यातून हिशेबाने आठशे ग्रॅम मिळायला हवे होते. चुना कमी घेतल्याने अपेक्षा ७२० ची होती, हातात ५६० आले. फरक फडक्यात, पिंपाच्या कडांना, लोह काढताना आणि ओतून घेताना गेला.

ईडीटीएने मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड ९४ टक्के, उरलेल्यात प्रामुख्याने कॅल्शियमची संयुगे आणि थोडा ओलावा. आम्ल घातल्यावर किंचित बुडबुडे आले, म्हणजे कुठेतरी कार्बोनेट आहे, बहुधा शिंपल्याचे फडक्यातून सुटलेले बारीक कण. बेरियम क्लोराइडने हलका धुरकटपणा. भुकटी उघड्या काचेच्या वाटीत आठवडाभर, बाहेर पाऊस कोसळत असताना ठेवली आणि ती कोरडीच राहिली. टक्केवारीपेक्षा या वाटीने मला जास्त समाधान दिले.

५ जुलै : हे औषध नाही

हा प्रश्न वर्गात आला आणि तो यायलाच हवा होता. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पाण्यात कालवून होणारे दाट पांढरे मिश्रण म्हणजे मिल्क ऑफ मॅग्नेशिया. चार्ल्स हेन्री फिलिप्स यांनी त्याचे पेटंट १८७३ मध्ये घेतले. पोटातले जादा आम्ल शमवणे आणि शौचाला साफ होणे, हे त्याचे दोन उपयोग आजही आहेत. एक ग्रॅम भुकटी सुमारे ३४ मिलिमोल (पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे एकक) आम्ल शमवते, तर एक ग्रॅम खाण्याचा सोडा १२. हे आम्ही हायड्रोक्लोरिक आम्लात भुकटी विरघळवून, उरलेले आम्ल उलट मोजून पडताळले.

तरीही आमच्या बरणीवर मोठ्या अक्षरांत 'खाण्यासाठी नाही' असे लिहिले आहे. संयुगाचे नाव सारखे असल्याने पदार्थ औषध होत नाही. औषधासाठी शिसे, आर्सेनिक यांचे प्रमाण आणि जंतूंची संख्या ठरलेल्या मर्यादेत आहे हे प्रत्येक घाणीत तपासावे लागते, आणि आमचा कच्चा माल खाडीचे पाणी, उघड्यावरचे शिंपले आणि लोहाराची भट्टी यांतून आला आहे. शुद्ध औषधही मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देत नाहीत, कारण त्यांच्या शरीरातून मॅग्नेशियम नीट बाहेर टाकले जात नाही. हे काम करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या घरी चिमूटभरही भुकटी जाणार नाही याची काळजी घ्यावी.

१२ जुलै : प्रयोगशाळेच्या आम्लाच्या टाकीत

भुकटीचा मुख्य उपयोग ठरला तो आमच्या वापरलेल्या आम्लांच्या टाकीसाठी. आजवर तिथे चुना घालत होतो. टाकीत सल्फ्युरिक आम्ल बरेच असते, त्यामुळे चुन्याने तळाशी जिप्समचा घट्ट थर बसतो आणि दरवर्षी तो पहारीने फोडावा लागतो. एप्रिलमध्ये आमच्या साक्यात दिसलेल्या सुया आणि टाकीतला हा थर एकच पदार्थ आहे. मॅग्नेशियमचे सल्फेट मात्र पाण्यात सहज विरघळते, म्हणून थर बसत नाही. दुसरा फायदा असा की भुकटी जास्त पडली तरी पीएच साडेदहाच्या पुढे जात नाही, तर चुना किंवा कॉस्टिक सोडा जास्त झाला तर तो बाराच्या वर जातो. सांडपाणी शुद्धीकरणात उद्योग हे संयुग वापरतात त्यामागे हीच कारणे आहेत. तोटा इतकाच की ते सावकाश काम करते. ढवळून तासभर थांबून मगच पीएच पाहावा.

विद्युत तारांच्या आवरणात आग पसरू नये म्हणूनही ते मिसळतात. तीनशे अंशांच्या वर तापले की ते आपल्या वजनाच्या सुमारे ३१ टक्के पाणी वाफेच्या रूपाने सोडते आणि त्यात उष्णता शोषली जाते. आमच्या भुकटीचा ग्रॅमभर नमुना मुशीत लाल होईपर्यंत तापवून वजन केले, घट ३० टक्के आली.

२२ जुलै : एप्सम क्षार

थोडी भुकटी विरळ सल्फ्युरिक आम्लात विरघळवली. भुकटी किंचित जास्त ठेवली म्हणजे आम्ल उरत नाही. उरलेला कॅल्शियम इथे जिप्सम होऊन खाली बसला. गाळून, आटवून, थंड होऊ दिल्यावर लांब, चकचकीत, चार बाजूंचे स्फटिक आले. हाच क्षार इंग्लंडमधील एप्सम गावच्या कडू झऱ्यातून मिळत असे आणि नेहेमाया ग्रू यांनी १६९५ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली होती. आज त्याचा सर्वांत मोलाचा वापर बाळंतपणात आहे. गरोदरपणी रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका असलेल्या स्त्रियांना रुग्णालयात मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत, ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासातून, या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो हे दिसून आले. विद्यार्थिनींपैकी एकीची आई आरोग्यसेविका आहे. त्या विद्यार्थिनीने या इंजेक्शनचे नाव घरी बोलण्यात ऐकले होते. मिठागरातल्या पाण्यात तेच संयुग आहे हे कळल्यावर वर्गात जी शांतता पसरली, ती मी बऱ्याच दिवसांनी अनुभवली.

३० जुलै : खर्च आणि पुढची तयारी

पाणी, शिंपले आणि पाऊस यांना पैसे पडले नाहीत. करवंटीचा कोळसा आणि लोहारदादांची मजुरी मिळून हजाराच्या आत, मांजरपाट दोनशे, फुकट गेलेले लाकूड तीनशे. सिल्व्हर नायट्रेटची लहान बाटली या सर्वांपेक्षा महाग पडली, म्हणून ते थेंबाथेंबाने आणि शेवटच्या धुण्यांतच वापरावे. आधीच्या धुण्यांसाठी पाण्याची विद्युत वाहकता मोजणारे स्वस्त मीटर पुरते. पीएच मीटर प्रयोगशाळेत होते, ते विकत घ्यावे लागले तर हिशेब बदलेल.

बाजारात या भुकटीचा किलोचा भाव पाहता विक्रीसाठी हे काम परवडणारे नाही. शाळा-महाविद्यालयाने आपल्या गरजेपुरते करावे.

पुढच्या वर्षासाठी ठरवले आहे ते असे. कडू पाणी मार्च संपण्यापूर्वी, वाफ्याच्या वरच्या टोकाकडून भरून घ्यायचे, कारण मे महिन्यात एखादी अवकाळी सर आली तरी वाफ्यातली घनता घसरते. पहिल्या घाणीला लागणारे कॅल्शियम क्लोराइड या वेळच्या वरच्या पाण्यातून दोन कॅन भरून ठेवले आहे, म्हणजे पहिली घाणही बाद होणार नाही. शिंपले डिसेंबरपासून गोळा करून धुऊन ठेवायचे. आणि साका एप्रिलअखेर तयार करून, न वाळवता, पाण्याखाली झाकून जूनपर्यंत ठेवायचा. धुण्याचे काम पावसाच्या पाण्यावरच सुरू करायचे.